मोठी माय देवघरात सापडली नाही: मरणाची गोष्ट सांगणारे अ‍ॅनिमेशनपट समजून घेताना

कापूस वेचणीचे दिवस होते आणि माय जाऊन तीन दिवस झाले होते. दारावर माणसं येत होती. ओट्यावर बायका, अंगणात सतरंजीवर पुरुष. आत पाणी आणायला गेलो तर माझा पाच वर्षांचा पोरगा देवघराचं दार उघडून त्यात डोकं घालून बसलेला. टाक बाजूला सारले होते, अन्नपूर्णा आडवी पडली होती, करंड्यातलं कुंकू फरशीवर, आणि कानबाईचं नारळ घरंगळत उंबऱ्यापर्यंत आलेलं. काय शोधतो रे, विचारलं तर म्हणाला, "मोठी माय."

आमच्याकडे आजीला मोठी माय म्हणतात. आदल्या रात्री त्याच्या आत्याने त्याला थोपटताना सांगितलं होतं, मोठी माय देवना घर गयी. पोराने सरळ हिशेब केला. घरात देवाचं घर एकच आहे आणि ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे.

त्या पावसाळ्यापर्यंत मी दोन गोष्टी केल्या. मुलांना मरणाबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही, यावर मिळेल ते वाचलं. आणि ज्यांना सगळे 'लहान मुलांचे पिक्चर' म्हणून सोडून देतात, त्यातले बरेच पोराबरोबर बसून पाहिले. अमळनेरजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंतच पिक्चर चालतो, त्यामुळे काही तीन-तीन हप्त्यांत पाहिले. तेव्हा जे समजलं ते सांगतो.

मरण ही आपल्याला एकच गोष्ट वाटते. लहान पोराला ती एकदम कळत नाही, कारण ती तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींची मोळी आहे. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या दोन अभ्यासकांनी १९८४ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन ही मोळी सोडवून दाखवली. पहिली काडी ही की गेलेलं माणूस परत येत नाही. दुसरी, मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात: भूक नाही, थंडी नाही, दिसणं नाही. आणि तिसरी, हे सगळ्यांना आहे, मलाही. बहुतेक मुलांना या तिन्ही गोष्टी साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागतात, पण एकदम नाही. एक काडी हातात येते, दुसरी निसटते.

माझ्या पोराची दुसरी काडी बरेच दिवस निसटलेली होती. मायचा चष्मा खिडकीतच राहिला होता. तो घेऊन तो आला आणि म्हणाला, हा तर इथेच आहे, मग तिला तिथे पोथी कशी दिसत असेल? परत येणार नाही हे त्याने मान्य केलं होतं. पण डोळ्यांचं काम संपलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणून आपले गोड शब्द पोरांना गोत्यात आणतात. 'झोपली' म्हटलं की पोरगं रात्री झोपायला घाबरतं. 'बाहेरगावी गेली' म्हटलं की बाप जळगावला निघाला तरी एसटी स्टँडवर रडारड. 'तारा झाली' त्यातल्या त्यात बरं, पण ढगाळ रात्री काय करायचं? आपल्याला वाटतं आपण मुलाला वाचवतोय. खरं तर बोलताना आपली जीभ जड होते, आपण तिला वाचवत असतो.

हे साधं बोलणं पडद्यावर पहिल्यांदा कोणी केलं ते मला माहीत नाही, पण ज्याची आठवण जगभर काढतात ते 'सेसमी स्ट्रीट'चं. अमेरिकेतला हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम. त्यात मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. कार्यक्रमवाल्यांना सोपं होतं: हूपर गाव सोडून गेले म्हणायचं किंवा दुसरा नट आणायचा. त्यांनी मानसतज्ज्ञांना विचारून तिसरं केलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये एक भाग दाखवला. त्यात बिग बर्ड नावाचा भलामोठा पिवळा पक्षी, जो वागण्याबोलण्यात लहान पोरच आहे, सगळ्या मोठ्या माणसांची चित्रं काढून आणतो आणि वाटतो. एक चित्र उरतं. ते हूपरचं. ते आले की देईन, असं तो म्हणतो. मग मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारलेत आणि आता येणार नाहीत. पक्षी चिडतो, असं का, म्हणून विचारतो. त्याचं कारण त्याला कोणी देत नाही, कारण ते कोणाजवळच नसतं.

तेव्हा चित्र देणारा पाच वर्षांचा मुलगा का नाही? सात-आठ फुटी पिवळा पक्षी का? या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

लहान मुलाला थेट विचारलं की तुला मोठी मायची आठवण येते का, तर ते मान फिरवतं, नाहीतर गाडी खेळायला पळतं. त्याच्या हातात बाहुली द्या आणि बाहुलीला काय वाटतं विचारा, ते तासभर बोलेल. मुलांच्या मानसोपचारात खेळणी ठेवतात ती याचसाठी. दुःख स्वतःचं असलं की डोळ्यांजवळ धरलेल्या पुस्तकासारखं होतं, अक्षर दिसत नाही. पक्ष्याचं, सांगाड्याचं, फुग्यांवर उडणाऱ्या घराचं झालं की ते हातभर लांब जातं आणि वाचता येतं. अ‍ॅनिमेशनपटातली गंमत, उलटंपालटं जग, हा तोंड गोड करायचा गूळ नव्हे. ते मापून ठेवलेलं अंतर आहे.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दहाव्याला बोरी नदीच्या काठी आम्ही पिंड ठेवून उभे होतो. माझे दोन काका, मामा, गावातले जिभाऊ, सगळे साठीच्या पुढचे. कावळा फांदीवर बसलेला, खाली यायला तयार नाही. वीस मिनिटं गेली. मग मामा हात जोडून कावळ्याला सांगायला लागले: धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नको. कावळ्याने मान वाकडी केली. काका म्हणाले, बांधावरचं भांडण मिटवू. तरी नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, अरे तिचा चहा राहिला असेल, आणि थर्मासमधला चहा पिंडाजवळ ओतला. पिंपळावरून कावळा उतरला. चहाचा आणि त्याचा काही संबंध असेल-नसेल, पण सात-आठ म्हातारे एकदम हसले, आणि हसता हसता पंच्याने डोळे पुसायला लागले.

मोठी माणसं एका पक्ष्याशी वाटाघाटी करतात आणि त्या निमित्ताने, एरवी एकमेकांना कधीच सांगितल्या नसत्या, त्या गोष्टी बोलून टाकतात. अ‍ॅनिमेशनपट याहून वेगळं काय करतो?

आकडा सांगायचा तर २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. १९३७ ते २०१३ या काळातले सगळ्यात जास्त कमाई केलेले मुलांचे ४५ अ‍ॅनिमेशनपट घेतले आणि त्यांची मोठ्यांच्या सिनेमांशी तुलना केली. मुख्य पात्रं मरण्याचा धोका मुलांच्या चित्रपटांत अडीच पट निघाला. म्हणजे 'कार्टूनच आहे, पाहू दे' म्हणून आपण पोरांना जिथे सोडून येतो, तिथे मरणाची वर्दळ जास्त. मी हे सांगितलं तेव्हा बहिणीने रिमोट लपवला. पण मरण दाखवलं जातं का, हा प्रश्न मला तितका मोठा वाटत नाही. दाखवल्यानंतर पिक्चर त्याचं काय करतो, हा आहे. पुष्कळ चित्रपटांत आई किंवा बाप पहिल्या दहा मिनिटांत मरतो आणि त्यानंतर त्याचं नाव निघत नाही. नायकाला घराबाहेर काढायचं असतं, म्हणून एक माणूस मारलेलं असतं. तिथे मरण हा फक्त धक्का आहे.

दुसऱ्या जातीचे चित्रपट कमी आहेत. त्यांत गेलेलं माणूस गोष्टभर घरात राहतं. त्यातला सगळ्यात नीट बांधलेला मला वाटतो तो पिक्सार या अमेरिकन अ‍ॅनिमेशन कंपनीचा 'कोको'. २०१७ सालचा, ली अनक्रिच यांनी दिग्दर्शित केलेला, पुढच्या वर्षी सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला. पुढे मी शेवटासकट सगळी गोष्ट सांगणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

गोष्ट मेक्सिकोतली. मिगेल हा बारा वर्षांचा पोरगा जोडे शिवणाऱ्या मोठ्या कुटुंबात वाढतोय. घरात गाण्याला बंदी, कारण खापरपणजोबा गिटार घेऊन गेला तो परत आलाच नाही, आणि खापरपणजीने एकटीने जोड्यांचा धंदा उभा केला. त्या दोघांची मुलगी म्हणजे पणजी कोको, आता खूप म्हातारी, खुर्चीत बसून असते, माणसं ओळखेनाशी झालीय. मिगेलला मात्र गायचं आहे. मृतांच्या सणाच्या रात्री तो एका प्रसिद्ध गायकाच्या समाधीतली गिटार उचलतो आणि जिवंतपणीच मृतांच्या दुनियेत जाऊन पोचतो. सूर्य उगवायच्या आत घरच्या माणसाचा आशीर्वाद मिळाला तरच परत येता येणार.

इथे खानदेशी माणसाने कान टवकारावेत. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला हा सण असतो. घरात एक मांडणी करतात, त्यावर गेलेल्यांचे फोटो, पाणी, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचं खाणं, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे पितरांना घर सापडावं. युनेस्कोने हा सण २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. हे वाचून मी पोराच्या आईला म्हणालो, ही तर आखाजी आहे.

ज्यांना आखाजी माहीत नाही त्यांच्यासाठी: बाकी महाराष्ट्र ज्या दिवशी अक्षय्य तृतीया म्हणून सोन्याच्या दुकानात जातो, त्या दिवशी खानदेशात पितर जेवायला येतात. नवी मातीची घागर आणायची, पाणी भरायचं, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. चुलीतल्या विस्तवावर पितरांच्या नावाने घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. पुरणपोळी किंवा खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया. आणि त्याच दिवशी दुपारी निंबाला झोके! सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, गौराईची गाणी, आरडाओरडा, पत्त्यांचे डाव. सकाळी ज्या बाईने आईच्या नावाने घागर भरताना डोळे पुसले, तीच चार वाजता झोक्यावर उभी राहून वहिनीच्या नावाने उखाळ्यापाखाळ्या काढणारं गाणं म्हणत असते. कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. रडणं आणि झोका एकाच दिवसाच्या खात्यात.

शहरातल्या काही ओळखीच्यांनी मला विचारलं होतं की मरणाच्या गोष्टीत इतके विनोद कसे चालतात, सूर तुटत नाही का? त्यांना आखाजीला बोलवायला पाहिजे.

मात्र दोन्ही सण एकच आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सणात फोटो मध्यभागी, आपल्याकडे घागर, म्हणजे पाणी. नोव्हेंबरातल्या त्यांच्या रात्रीला उजेडाची गरज, आपल्या ४२-४३ डिग्रीच्या वैशाखात मेलेल्या माणसालाही पहिल्यांदा तहानच लागणार. एक धागा मात्र थेट आहे. झेंडू मूळचा त्यांच्याच मुलखातला. दसऱ्याला आपण दारावर लावतो ते तोरण त्या देशाचं फूल आहे. मिरचीही तिकडचीच. त्यांच्याकडून ती आली नसती तर शेवभाजी कशाची केली असती, हा विचार मी फार वेळ करत नाही.

आता पिक्चरची कारागिरी. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात म्हणून आपल्याला हालचाल दिसते. 'कोको' १०५ मिनिटांचा आहे, म्हणजे दीड लाखावर चित्रं. नाटक-सिनेमात कधी योगायोगाने पान गळतं, नटाचा हात थरथरतो. इथे आपोआप काहीच होत नाही. कोकोच्या गालावरची प्रत्येक सुरकुती कोणीतरी ठरवून घातलेली आहे. म्हणून अ‍ॅनिमेशनपट पाहताना 'हे असं का?' हा प्रश्न विचारायला फार मजा येते, त्याला बहुतेक वेळा उत्तर असतं.

उदाहरण सांगाड्यांचं. मृतांच्या दुनियेत सगळे हाडांचे सांगाडे. आमच्या आत्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, हे काय अभद्र दाखवतोस पोराला. पण पोरगा घाबरला नव्हता, आणि त्याचं कारण कवटीच्या खोबणीत होतं. खऱ्या कवटीला डोळे नसतात. यांना दिलेत, पापण्यांसकट, कारण डोळ्यांशिवाय चेहरा बोलणार कसा? हाडं निखळतात, डोकं हातात घेऊन फिरतात, परत बसवतात. शरीर संपलंय हे दर मिनिटाला दिसतं आणि माणूस मात्र ओळखू येतं. पोराची दुसरी काडी आठवा. चष्म्याचा प्रश्न त्याने त्यानंतर परत विचारला नाही. पिक्चरमुळे की सहा महिने मोठा झाला म्हणून, हे मी छातीठोक सांगणार नाही.

रंगही तसेच ठरवलेले. जिवंत माणसांचं गाव आडवं, बसकं, मातकट. झेंडूचा केशरी तेवढा उठून दिसतो. मृतांची दुनिया उभी, मनोऱ्यांवर मनोरे, दिव्यांनी लखलखलेली. आपली अपेक्षा उलटी केली आहे. आणि त्या दोन्हींच्या मध्ये पूल आहे तो झेंडूच्या पाकळ्यांचा.

त्या पुलाच्या तोंडाशी चेकनाका आहे. हा माझा सगळ्यात आवडता भाग. सणाला घरी जायचं तर मेलेल्यांनी रांगेत उभं राहायचं. कारकून त्यांचा चेहरा तपासतो: घरच्या मांडणीवर तुमचा फोटो लावलाय का? असेल तर जा, नसेल तर परत. तहसील कार्यालयात दाखल्यासाठी उभं राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. हेक्टर नावाचा एक फाटका सांगाडा वेश बदलून घुसायला बघतो आणि पकडला जातो, कारण त्याचा फोटो कुणीच लावलेला नाही. आपण हसतो. मग हळूहळू कळतं की फोटो नसणं म्हणजे नुसतं घरी जाता न येणं नाही. जिवंत माणसांतलं आपल्याला आठवणारं शेवटचं माणूस विसरलं की इथलाही सांगाडा धूळ होऊन जातो. चेकनाक्याचा विनोद आणि गोष्टीतलं सगळ्यात मोठं भय एकाच नियमातून निघतात. मुलाला नियम हसताना शिकवला जातो, त्याची किंमत नंतर कळते. लिहिणाऱ्याने याला दाद द्यावी अशी ही बांधणी आहे.

हेक्टर हाच खरा खापरपणजोबा. तो घर सोडून पळाला नव्हता, परत निघाला होता, आणि त्याची गाणी ढापणाऱ्या मित्राने त्याला विष दिलं. (हा खलनायक मला जरा सोयीचा वाटतो. बाप खरंच नाद लागून गेला असता आणि तरी घराने त्याला जागा दिली असती, तर गोष्ट जास्त खरी झाली असती. घरोघरी असं एक माणूस असतं.) त्याला आठवणारं एकच माणूस जिवंत आहे, ती खुर्चीतली कोको, आणि तिची आठवण विझत चाललीय. मिगेल परत येतो आणि तिला तिच्या बापाने लहानपणी म्हटलेलं गाणं ऐकवतो.

या गाण्याचंही एक आहे. 'माझी आठवण ठेव' अशा अर्थाचं ते गाणं, त्यालाही ऑस्कर मिळालं. पिक्चरमध्ये ते आधी झगमगाटात येतं, शेकडो लोकांपुढे, आणि तेव्हा ते एका मोठेपणाच्या भुकेल्या माणसाचं वाटतं. नंतर तेच बाप मुलीला झोपवताना म्हणतो. शब्द तेच, चाल तीच, फक्त सावकाश. कोणासाठी म्हणतोय त्यावर गाण्याचा अर्थ बदलला. व्याख्यान न देता, सात वर्षांच्या मुलाला कळेल असं हे समजावणं सोपं नाही.

गेलेल्या माणसाला मनातून सोडायचं की धरून ठेवायचं, हा वाद मानसशास्त्रातही आहे. १९१७ मध्ये फ्रॉइड या मनोविश्लेषकाने मांडलं की दुःख करणं म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेक करून सोडवून घेणं. बराच काळ 'आता त्यातून बाहेर पड' हा सल्ला त्याच अंगाने दिला गेला. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या पुस्तकाने दुसरी बाजू ठळक केली: धडधाकट माणसंही गेलेल्यांशी नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात, आणि त्यात आजार काही नाही. आगारीचा घास टाकणाऱ्या बाईला हे पुस्तक वाचायची गरज नव्हती, एवढंच.

आता गाव. अशा चित्रपटांत एकट्या माणसाचं दुःख एकट्याने कधी सुटत नाही, हे आपल्या सहज लक्षात येत नाही, कारण गर्दी पार्श्वभूमीला असते. पिक्सारचाच २००९ सालचा 'अप' बघा. सुरुवातीला सुमारे चार मिनिटांत, एकही शब्द न बोलता, एक लग्न, संसार, न झालेलं मूल आणि बायकोचं जाणं दाखवलंय. त्या चार मिनिटांचं सगळे कौतुक करतात. पण त्यानंतर तो म्हातारा घराला फुगे बांधून उडून जातो, म्हणजे दुःखासकट घर घेऊन सगळ्यांपासून लांब, आणि दारात चुकून अडकलेलं एक बडबडं पोरगं त्याच्याबरोबर वर जातं. पिक्चर खरा त्या पोराचा आहे.

आमच्या घरात चौदा दिवस चूल धड पेटली नाही. पहिल्या दिवशी कडू घास आला, मग रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून वरण-बट्टी, भाकरी, पिठलं. द्वारदर्शनाला येणारी माणसं फार बोलायची नाहीत. बसायची, कपाशीला काय भाव सांगताहेत म्हणायची, उठायची. तेव्हा मला त्या बोलण्याचा राग यायचा. पण पोरगा त्या सगळ्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरत होता, आणि प्रत्येक जण त्याला मायची एक वेगळी गोष्ट सांगत होता. कोणी म्हणे ती पोहायची. मला माहीत नव्हतं. गंधमुक्तीच्या दिवसापर्यंत त्याच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त माय जमा झाली होती.

'कोको'बद्दल माझी एक तक्रार मात्र राहते. फोटो लावणारं कोणी नसेल त्याचं काय? पिक्चरमध्ये असा एक म्हातारा सांगाडा झोपडीत विरून जातो आणि गोष्ट पुढे सरकते. ज्याला मूलबाळ नाही, ज्याचं घर तुटलं, त्याने विसरलंच जायचं का? आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीही. तेवढी पळवाट त्या सुंदर दुनियेत हवी होती.

शेवटी कोको खणातून एक वही काढते. त्यात बापाची पत्रं, कविता, आणि फोटोतून फाडून ठेवलेला त्याचा चेहरा. वहीमुळे माणूस वाचतं. हे पाहताना जळगावकडचं कोणीही माझ्याच वाटेने जाईल. १८८० मध्ये आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या आणि हवेत जायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी त्या कागदावर उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. २०१८ पासून जळगावच्या आमच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. एका लेकाने वही ठेवली नसती तर आसोद्याच्या चार घरांबाहेर त्यांना कोणी ओळखलं नसतं, आणि तीही माणसं आता गेली असती.

माय गेल्यानंतरची पहिली आखाजी आली. मी अमळनेरच्या बाजारातून घागर आणली, बहिणीने पाणी भरलं, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. आगारी टाकून झाली. जेवायला बसायच्या वेळी पोरगा दिसेना. तो कपाटाचा खण उपसत होता. आला तो हातात एक प्लॅस्टिकचं कार्ड घेऊन, आणि ते त्याने घागरीला टेकवून उभं केलं. मायचं आधार कार्ड. त्यावरचा फोटो तिला कधीच आवडला नव्हता, कॅमेरावाल्याने ओरडून मान सरळ करायला लावली होती म्हणून ती घाबरल्यासारखी दिसते.

हे कशाला रे, बहिणीने विचारलं.

"चेकिंगले लागी," तो म्हणाला, आणि आमरसाची वाटी पुढे ओढली.